एकाच वेळचे दोन तास

"दोन्ही एकाच वेळेला टाकलेत त्यांनी," काऊ म्हणाली. एक बूट काढून झाला होता, दुसऱ्याची नाडी सुटत नव्हती, आणि दाराला टेकून एका पायावर उभी राहून ती हे असं म्हणाली, जसं कुणी दूध नासलं म्हणून सांगावं. "गणित आणि भाषाशास्त्र. दोन्ही अकरा वाजता. एक सोडावा लागणार." मी खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. रुमाल काचेवर होता तिथेच थांबला. जिना संपला असं समजून निर्धास्त पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं मला झालं. खोलीत सगळं जागच्या जागी होतं. टेबल, टेबलावर भाच्याची औषधांची डबी, भिंतीवरचं घड्याळ, खाली रस्त्यावर मागे मागे येणाऱ्या गाडीचा पीं पीं आवाज. तरी मला वाटलं, हे वाक्य या खोलीत आत्ता बोललं गेलेलं नाही. ते फार लांबून चालत आलंय आणि आत्ता कुठे दारात पोचलंय. मी चष्मा डोळ्यांवर चढवला. काऊचं तोंड नीट दिसायला लागलं. ती रडत नव्हती. तिच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या, आणि त्या लाल झाल्या की पुढे काय होतं ते या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

काऊ ही माझ्या भाच्याची मुलगी. बोलायला लागल्यापासून प्रत्येक गोष्टीला 'का? का?' करायची म्हणून काऊ. मी लग्न केलं नाही, भाऊ-वहिनी गेल्यावर भाच्याकडे राहायला आले, आणि मी तिच्या बापाची आत्या की तिची आजी हे तिचं तिला ठरवता येईना, तेव्हा दोन्ही जोडून तिनं मला आत्याजी करून टाकलं. तिला एकातलं एक निवडायला सांगितलं की ती दोन्ही घेते, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

"मग सोड की एक," भाचा आतून म्हणाला. तो विम्याच्या कंपनीत आहे. दिवसभर लोकांचे अपघात वाचतो, त्यामुळे घरात त्याला कसलाच धक्का बसत नाही. "गणित ठेव. ते दुसरं घेऊन काय करणार आहेस? लोक बोलतात ते ऐकत बसणार? ते मी फुकट करतो रोज."

"बाबा, तुम्ही ऐकत नाही. तुम्ही फोनवर 'हं' म्हणता."

"ते 'हं' म्हणण्यावर घर चाललंय. आत्या, तू सांग गं हिला. तुझं ऐकते ती. तू गणितवाली."

गणितवाली. या घरात माझी ही ओळख. विजेचं बिल जास्त आलं की गणितवालीला विचारा, जागा विकत घ्यायची की भाड्याची बरी ते गणितवालीला विचारा. मी कधी दुरुस्ती केली नाही, कारण ती करायला लागले की लांबण लागतं, आणि मी लांबण लावते अशी माझी आधीच ख्याती आहे. पण मी गणितवाली नव्हे. म्हणजे नुसती गणितवाली नव्हे. मी सहासात वर्षांची असताना बाबांच्या शेजारी बसून अंक म्हणत होते आणि सोळा, सतरा, अठरा म्हणून झाल्यावर एकोणीसपाशी अडकले. एकोणीस म्हणजे एकानं कमी वीस, असं बाबांनी सांगितलं. पण वीस तर अजून आले नव्हते. जे अजून आलं नाही त्याच्यातून एक वजा कसा करायचा? मग मी पुढे चालून पाहिलं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वदपर्यंत हे असंच, प्रत्येक दशक पुढच्याकडून उसनवारी करतं, आणि नव्व्याण्णवला एकदम ते थांबतं. "एकोणशंभर का नाही, बाबा?" "असंच म्हणतात." "पण का?" "अगं, म्हणतात म्हणून म्हणतात." मला अजून आठवतं, मी चटईवर पालथी पडून विचार करत होते की हा प्रश्न विचारायचा कुणाला. गणिताच्या मास्तरांना विचारला तर ते म्हणणार हा भाषेचा आहे, भाषेच्या बाईंना विचारला तर त्या म्हणणार हा गणिताचा आहे. प्रश्न मात्र एकच होता. तो मधोमध उभा होता आणि दोन्ही घरची दारं बंद होती. चटईच्या काड्या गालावर उमटल्या होत्या, बोटांनी चाचपून मी त्यासुद्धा मोजत होते.

कॉलेजात ती दोन दारं मला प्रत्यक्ष दिसली. लांब बोळासारखा व्हरांडा, पायाखाली गार फरशी, एका बाजूला गणिताचा मोठा वर्ग, बाक चढत गेलेले, आणि बरोबर समोर भाषाशास्त्राची खोली, जिच्यात पूर्वी नकाशे ठेवत असत. अजूनही तिथे गोंदाचा वास यायचा. दोन्ही विषय मला घ्यायचे होते आणि दोन्हींचा तास एकाच वेळेला होता. आमच्या कॉलेजात कोणते विषय घेता येतात याचा नियम नव्हता, पण वेळापत्रकच असं बांधलेलं होतं की इकडचं माणूस तिकडे जायचं नाही. मला कुणी 'नाही' म्हणालं नाही. कारकून म्हणाला, "घ्या की दोन्ही, मला काय!" आणि हसला. त्याला वाटलं, मुलगी आठवड्याभरात ताळ्यावर येईल. त्या हसण्यानं माझ्या कानाच्याही पाळ्या लाल झाल्या असणार. आमच्याकडे ते वंशपरंपरेनं चालत आलंय.

भाषाशास्त्राच्या बाई आल्या आल्या हजेरी घ्यायच्या. गणिताचे सर हजेरी घ्यायचे तास संपताना, कारण सुरुवातीला घेतली तर मुलं हजेरी देऊन मागच्या दारानं सटकतात असा त्यांचा अनुभव. झालं. माझा प्रश्न तिथेच सुटला. पहिला अर्धा तास मी नकाशाच्या खोलीत बसायचे, मग बाबांचं जुनं, मनगटावर गरगर फिरणारं घड्याळ बघून उठायचे, व्हरांडा ओलांडायचे आणि गणिताच्या वर्गात मागच्या दारानं शिरायचे. ज्या दारानं बाकीचे बाहेर जायचे त्या दारानं मी आत येत होते. कागदोपत्री मी दोन्हीकडे पूर्ण हजर होते. मुलींनी माझं नाव झोपाळा ठेवलं.

बाईंना सगळे टाळूबाई म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हां सगळ्यांना 'ट' म्हणायला लावून जीभ नेमकी कुठे लागते ते सांगायला लावलं होतं. मोठी मोठी मुलं तोंडं वासून टाळू चाचपत होती. मला मात्र त्या क्षणी वाटलं की इतकी वर्षं माझ्या तोंडात एक खोली होती आणि मी तिच्यात कधी दिवाच लावला नव्हता. बाई फळ्यावर कुठल्याशा अनोळखी भाषेतले शब्द लिहायच्या, प्रत्येकाशेजारी त्याचा अर्थ, आणि म्हणायच्या, "आता यात 'घर' कुठे आहे, 'माझं' कुठे आहे, शोधा." कुणीतरी पुढे वाकायचं. उत्तर अगदी जवळ आलेलं असायचं, मला ते मानेवर जाणवायचं, आणि नेमकी तेव्हा मी उठायचे. वर्षभर एकही उत्तर मी त्या खोलीत ऐकलं नाही. सगळी व्हरांड्यात शोधली, चालता चालता. मग इकडे शिरावं तर चौकटसर फळ्याच्या उजव्या टोकाला पोचलेले. सिद्धता पूर्ण झाली की ते शेवटी एक छोटी चौकट काढायचे, तिच्यावर दोनदा खडू ठोकायचे, म्हणून चौकटसर. त्यांना एक वाईट खोड होती. डाव्या हातात डस्टर धरून ते मागचं पुसत पुसत पुढे जायचे. म्हणजे मी आत पाय टाकायचे तेव्हा सुरुवात नुकतीच पुसली जात असायची. फळ्यावर तिचा पांढुरका पट्टा. शेवट समोर, सुरुवात धूळ. मग मी शेवटाकडून मागे मागे जायचे. हे खरं असायचं तर त्याच्या आधी काय खरं असलं पाहिजे? आणि त्याच्या आधी? बाकीची मुलं सिद्धता डोक्यावर घेऊन चढायची, मी ती दोरीला धरून खाली उतरायचे. दोघंही त्याच गावाला पोचत होतो. मला तर वाटतं मीच जरा आधी पोचत होते.

या अर्धेपणानं मी घडले हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन. पुढे लग्नसमारंभांतून मी मध्यावर उठून आले, नाटकांना मध्यंतरानंतर गेले, आणि गणिताच्या वर्गातला एक जण पुलाच्या कठड्याशी उभा राहून मला काहीतरी फार महत्त्वाचं सांगत असताना, त्याचं वाक्य अर्ध्यावर आलं असताना, मी म्हणाले, "कळलं," आणि निघाले. मला खरंच कळलं होतं. पुढचं वाक्य काय असेल, त्याच्या पुढचं काय असेल, घर कुठे, 'माझं' कुठे, सगळं. वाऱ्यानं त्याची टोपी उडाली, तो ती धरायला वळला, तेवढ्यात मी पूल उतरून गेले होते. दया करू नये कुणी. मला त्या संध्याकाळची फक्त टोपी आठवते.

मी पकडले गेले ते चहामुळे. एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत टाळूबाई म्हणाल्या की या वर्षी माझ्याकडे एक मुलगी आहे, उत्तर ऐकायला थांबत नाही, पण दुसऱ्या दिवशी बरोबर घेऊन येते. चौकटसर म्हणाले की माझ्याकडेही एक आहे, ती सिद्धता उलटीच मांडते. दोघांनी अभिमानानं नाव सांगितलं. मग तास कधीचा ते सांगितलं. मग चहा गार झाला. हे मला नंतर खुद्द बाईंनीच सांगितलं, हसून हसून डोळे पुसत. मोठ्या सरांना मात्र हसू आलं नाही. प्राचार्य होते ते, सगळे मोठे सर म्हणत, आणि होतेही मोठे, खुर्चीच्या दोन्ही हातांत गच्च बसलेले.

"हे असं चालणार नाही," ते म्हणाले. "तू कॉलेजला फसवलंस."

"सर, पास व्हायला किती लागतात?"

"काय संबंध?"

"शंभरातले पस्तीस लागतात. म्हणजे पस्तीस भाग आले की मुलगा विषय शिकला असं कॉलेजच म्हणतं. मी निम्मा वेळ बसते. पस्तीसपेक्षा पंधरा जास्तच."

त्यांनी चष्मा काढला. टेबलावर ठेवला. पुन्हा घातला. "निम्मं येणं वेगळं आणि निम्मं बसणं वेगळं."

"फरक सांगा, सर."

फरक त्यांना सांगता आला नाही, मलाही आजतागायत सांगता आलेला नाही. पण त्यांच्याकडे हुकमाचं पान होतं आणि ते त्यांनी सावकाश टाकलं. "परीक्षासुद्धा एकाच वेळेला आहे, बाळ. तेव्हा काय करशील?" तोवर मला हे माहीत नव्हतं. माहीत असल्यासारखी मी म्हणाले, "निम्मा निम्मा पेपर लिहीन." ते खो खो हसायला लागले. हसता हसता म्हणाले, "लिही." मला वाटतं ते हसले नसते तर कदाचित मी एक विषय सोडला असता. हसणाऱ्या माणसासमोर माघार घ्यायची म्हणजे त्याच्या विनोदाला दाद देण्यासारखं आहे.

आणि मी लिहिला. आधी गणित. समोर प्रश्न असताना, उत्तर येत असताना, पेन खाली ठेवायचं. बोटं ऐकत नव्हती. मग एक शिपाई माझ्याबरोबर व्हरांड्यातून चालत आला, मी कुणाशी बोलू नये म्हणून. तोच मला हळूच म्हणाला, "ताई, कसला पेपर आहे एवढा, की दोन खोल्या लागतात?" त्याही अवस्थेत मला हसू फुटलं. दोन्हीकडे मी पास झाले. काठावर. बाबा निकाल बघून खुर्चीत बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. "एकात पहिली आली असतीस," ते म्हणाले. "लोक विचारतात मुलगी काय शिकते. मी काय सांगू? दोन्हींच्या काठावर बसलीय म्हणून?" मी म्हणाले, "दोन काठ आहेत म्हणजे मधे नदी आहे, बाबा." आई आतून म्हणाली, "जीभ बघा हिची." बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, कुठे लागते ते बघा.

ती नदीच पुढे माझ्या पोटापाण्याच्या कामी आली. शाळेच्या पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत मी शाब्दिक उदाहरणं तपासायला बसले ते निवृत्त होईपर्यंत. एका टाकीला दोन नळ आहेत, एक भरतो आणि एक रिकामी करतो. मुलं तिथे गणितात अडत नाहीत, वाक्यात अडतात, हे कचेरीला पटवून देण्यात माझं आयुष्य गेलं. लांबलचक वाक्यं मी तोडली, 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' हाकलून दिले. गणिताचे तज्ज्ञ म्हणायचे, "ही भाषावाली." भाषेचे तज्ज्ञ म्हणायचे, "ही गणितवाली." मी आपली मधोमध टाकीपाशी. ही सगळी हकीकत या घरात इतक्या वेळा सांगून झालीय की भाचा तिला 'आत्याची अर्ध्या तासाची पूर्ण गोष्ट' म्हणतो.

म्हणून त्या संध्याकाळी, काऊचा दुसरा बूट निघाल्यावर, मी तिला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "एकही सोडायचा नाही." भाच्यानं आतून "आत्या!" म्हणून हाक मारली, ती मी ऐकली नाही. "हजेरी कोण कधी घेतं ते आधी बघून ठेव. जो सुरुवातीला घेतो त्याच्याकडे आधी बस. मागचं दार कुठेय ते बघ. परीक्षेचं आत्ताच विचारून घे, नंतर धक्का नको." माझा आवाज तरुण झाला होता, मलाच ऐकू येत होता. दागिने काढून द्यावेत तशी मी एकेक युक्ती काढून तिच्या ओंजळीत ठेवत होते. वाटत होतं, याच दिवसासाठी मी हे सगळं जपून ठेवलं होतं. काऊ ऐकत होती. हनुवटी गुडघ्यावर, नजर फरशीवर. माझं बोलणं संपलं तेव्हा ती म्हणाली, "पण आत्याजी, मला निम्मं नकोय."

"निम्मं म्हणजे काय, दोन्ही मिळून..."

"दोन्ही पूर्ण पाहिजेत मला. उत्तर ऐकायचंय. सुरुवात बघायचीय." मग तिनं मान वर केली. टोचायला म्हणून नव्हे, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, "तू त्यांना वेळ बदला असं का नाही सांगितलंस?"

मी हसले. म्हणाले, "आमच्या वेळी असं कुणी सांगत नव्हतं." ती म्हणाली, "आमच्याही वेळी कुणी सांगत नाही." भाचा दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या तोंडावर काहीतरी विनोद आलेला होता, पण माझ्याकडे बघून तो त्यानं गिळला. "मी उद्या जाऊन सांगणारे," काऊ म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. न्हाणीतून नळाचा आवाज यायला लागला.

मी खिडकीशी तशीच बसले. आधी मला राग आला. पाणी उकळायला लागताना भांड्याच्या तळाशी जसे बारीक बुडबुडे येतात तसा. काल जन्मलेली मुलगी. तिला काय माहीत ते मोठे सर, ते हसणं, तो काळ. त्या काळी मुलीनं त्या खोलीत उभं राहणंच, आणि पस्तीस आणि पन्नासाचं ते बोलणंच... पण राग चढेना. कारण त्याच्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. चौकटसर. पण फळ्यापुढचे नव्हेत. दहा ते अकरा, आमच्या तासाच्या आधीचा तास, कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसलेले चौकटसर, मांडीवर वर्तमानपत्र, चप्पल काढून ठेवलेली, पायाची बोटं उन्हात उघडमीट करतायत. रोज. मी रोज त्यांच्यावरून जात होते. "नमस्कार, सर." "हं, ये." आणि टाळूबाई, दुपारी, वाचनालयाच्या कोपऱ्यात लोकर विणत असलेल्या. वर्षभरात त्यांनी दोन मोजे आणि एक बिनबाह्यांचा स्वेटर विणला. तो स्वेटर वाढताना मी पाहिला होता, इंचाइंचानं. ते मोकळे होते. दोघंही मोकळे होते. नकाशाची खोली दुपारी बंद असायची, कुलूप सुद्धा नसायचं, नुसती कडी. आणि मी, जी शेवटावरून सुरुवात काढत होते, जी तोडलेल्या शब्दांत 'माझं' शोधत होते, त्या मला हे तीन रिकामे चौकोन एका ओळीत मांडता आले नाहीत. मांडलेच नाहीत. वेळापत्रक मला दिलेलं होतं. 'समजा' म्हणून जे दिलेलं असतं त्याच्यावर प्रश्न विचारायचा नसतो, त्याच्यातून वाट काढायची असते, हे मी इतकं मन लावून शिकले होते. मी वाट काढली. फार सुंदर काढली. आणि आयुष्यभर ती वाट लोकांना दाखवत फिरले.

मी जीभ टाळूला लावून पाहिली, उगीचच. चौकटसरांना विचारलं असतं तर काय म्हणाले असते? मला आता त्यांचा आवाज नीट आठवत होता, "हं, ये." बहुतेक म्हणाले असते, "बरं." एवढंच. एका शब्दाचं काम होतं. पण मी तो शब्द मागायला गेले नाही म्हणून ते वर्ष वाया गेलं, असं मात्र मी म्हणणार नाही. नाही म्हणणार. व्हरांड्यात चालता चालता शोधलेली उत्तरं माझी आहेत, ती मला कुणी फळ्यावरून वाढलेली नाहीत. काऊ न्हाणीतून तोंड पुसत बाहेर आली तेव्हा मी तिला एवढंच म्हणाले, "उद्या मीही येते."

"तू कशाला? पाय दुखतील."

"पाय माझे आहेत."

काऊचं कॉलेज नव्या धर्तीचं आहे, जिन्याला काचा, भिंतींना पांढरा रंग. वेळापत्रकाचं काम बघणारे सर पदार्थविज्ञानाचे. त्यांच्या टेबलावर संगणकाचा पडदा, पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन, आणि डोळ्यांखाली काळं. बाजूच्या खुर्च्या त्यांनी आम्हाला दाखवल्या. काऊ बसली नाही, म्हणून मीही बसले नाही.

"बाळ, हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं," ते थकून म्हणाले. "एक वीट काढली की भिंत खाली येते. लोकांना वाटतं मी मुद्दाम करतो."

"सर, मी काल सगळी भिंत तपासली," काऊ म्हणाली. "भाषाशास्त्राचा तास दुपारी तीनला नेला तर एकच अदलाबदल करावी लागते. खोली रिकामी आहे. मॅडमना तेव्हा दुसरा वर्ग नाही. त्या वर्गातल्या सगळ्यांना मी फोन केला, कुणाचंच काही अडत नाही. एकाला उलट बरं पडतंय, त्याला सकाळी उठवत नाही."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. बोट एका चौकोनावरून दुसऱ्यावर नेलं, परत आणलं. चूक शोधत होते. मला ती नजर ओळखीची आहे, कचेरीत मी तिच्यासमोर जन्म काढला. चूक सापडली नाही की अशी माणसं दुसरीकडून येतात. आणि ते आलेच. "हे बघ, गणित आणि भाषाशास्त्र एकत्र घेणारं आजवर कुणी आलेलं नाही. म्हणून तर ते तास एका वेळेला ठेवतो आम्ही."

"आणि एका वेळेला ठेवता म्हणून कुणी येत नाही," काऊ म्हणाली. कानाच्या पाळ्या लालबुंद. आवाज मात्र सरळ, फूटपट्टीनं आखल्यासारखा.

"पण एका मुलीसाठी सगळ्या कॉलेजचं वेळापत्रक हलवायचं? सांग ना. किती जण आहात तुम्ही असे?"

काऊनं तोंड उघडलं. खरं बोलायची सवय आहे तिला, ती 'एकटी' म्हणणार होती.

"दोघी," मी म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. माझे केस, माझी काठी. "आजी, तुम्हीसुद्धा?"

"हो. हेच सांगायला निघाले होते. मला यायला जरा उशीर झाला."

खिडकीबाहेर कुणीतरी शिट्टी वाजवत गेलं. काऊचा हात माझ्या हाताला लागला, घामेजलेला, आणि लागून तिथेच राहिला. सरांनी फोन उचलला, कुणाचा तरी नंबर फिरवला, आणि पलीकडे घंटा वाजत असताना हातानंच आम्हाला खुणावलं, बसा, वेळ लागेल.

आम्ही उभ्याच राहिलो.